कार्डे जप्त करण्यापूर्वी



'या अंकासाठी चार शब्द लिहून द्या' असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा काय लिहावे हा प्रश्न मला फारसा पडला नाही. गेल्या महिन्यात नातवाच्या वहीत घडी घातलेली एक सूचना सापडली होती. 'विद्यार्थ्यांनी कोणत्याही प्रकारची कार्डे शाळेत आणू नयेत. आढळल्यास जप्त करण्यात येतील.' सूचना वाचली आणि हसू आले. मग जरा वाईटही वाटले, कारण अशी सूचना मी स्वतः फळ्यावर अनेकदा लिहिली आहे आणि कार्डे जप्तही केली आहेत. त्या जप्तीबद्दलच आज लिहायचे आहे. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ही खेळाडूंची कार्डे म्हणजे तळहातावर मावतील एवढे जाड कागदाचे तुकडे. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र, मागे त्याची माहिती. आपल्यापैकी जे पालक आज पंचेचाळिशीच्या पुढे आहेत त्यांना १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमाराची बिग फन च्युइंगम आठवत असेल. त्यातल्या कागदांवरच्या धावा जमवत मुले दिवसभर तोंड हलवत असत. त्यानंतर आली डब्ल्यूडब्ल्यूईच्या पैलवानांची ट्रम्प कार्डे. कुणाची उंची किती, छाती किती, दंड किती, लढती किती जिंकल्या, हे आकडे एकमेकांसमोर टाकायचे. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे. आता आयपीएलच्या खेळाडूंची कार्डे आहेत. काळ बदलला, चेहरे बदलले, पण मधल्या सुटीतला तो घोळका आणि 'हे मला दे, मी तुला ते देतो' ही देवाणघेवाण तशीच राहिली आहे.

आता माझी चूक. २००६ सालची गोष्ट असावी. मी सातवीला गणित शिकवत होते. मागच्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून काहीतरी करत होता. मी त्याच्या हातातली कार्डांची गड्डी काढून घेतली. रबर लावलेली ती गड्डी कपाटाच्या खणात टाकली आणि म्हटले, "वार्षिक परीक्षा झाली की ये आणि घेऊन जा." तो बिचारा "बरं, बाई" म्हणून बसला. परीक्षा झाली, सुटी लागली. सुटीत शिक्षकांच्या खोलीला रंग दिला गेला, कपाटे इकडची तिकडे झाली आणि ती गड्डी गेली. जूनमध्ये तो विचारायला आला तेव्हा मी म्हटले, "अरे, कागदाच्या तुकड्यांचं काय एवढं? अभ्यासाकडे लक्ष दे."

तीन-चार वर्षांपूर्वी तो मला भेटायला घरी आला. चांगली नोकरी आहे, लग्न झाले आहे. चहा घेता घेता हसत हसत म्हणाला, "बाई, माझी कार्डं राहिलीच की तुमच्याकडे!" मीही हसले. मग तो सांगू लागला की त्या गड्डीतली बरीच कार्डे बाजारातली होती, पण तळाला सहा त्याने स्वतः बनवलेली होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढलेली. आपल्या भोपाळच्या हॉकी खेळाडूंची. पहिले समीर दादचे, कारण समीर दाद २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळला होता आणि या मुलाने त्याला ऐशबाग स्टेडियमवर पाहिले होते. "मागे माहितीही लिहिली होती, बाई. मराठीत."

मी त्याच्या वर्गाला मराठी शिकवत नव्हते, गणित शिकवत होते. पण ते सोडा. मी ती गड्डी एकदाही उलगडून पाहिली नव्हती, आणि तीच माझी चूक. सातवीतला एक मुलगा कुणीही न सांगता, गुणांची अपेक्षा न ठेवता, आपल्या गावातल्या खेळाडूंची माहिती मराठीत लिहून काढत होता. आपण ज्यासाठी प्रकल्प नेमतो, स्पर्धा घेतो, बक्षिसे ठेवतो, ते काम त्याने आपणहून केले होते; आणि त्याच्या बाईंनी ते रंगाऱ्याच्या कचऱ्यात घालवले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. कार्डे जप्त करण्यापूर्वी ती पाहा. आणि नुसते बंदी घालून थांबू नका. शाळेने मुलांकडून आपल्या शहराच्या खेळाडूंची कार्डे बनवून घ्यावीत.

पण आधी पालकांच्या तक्रारीला न्याय दिला पाहिजे, कारण ती खोटी नाही. बाजारातली कार्डे बंद पाकिटात मिळतात. आत कोण आहे हे आधी कळत नाही. मुलाला हवा असतो एक खेळाडू आणि निघतो तिसराच, तोही आधीच दोनदा निघालेला. यात किती पैसे जातात, हे मुलांनी गणितानेच पाहावे. समजा, एकूण ५० वेगवेगळी कार्डे आहेत, एका पाकिटात एकच कार्ड आहे, प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे आणि पाकिटाची किंमत १० रुपये आहे. भोळा माणूस म्हणेल, ५० पाकिटे घेतली की संच पूर्ण, म्हणजे ५०० रुपये. प्रत्यक्षात पहिले कार्ड नक्की नवे निघते, पण पुढे पुढे जुनीच निघू लागतात. ४९ कार्डे जमली की उरलेल्या एका कार्डासाठी सरासरी ५० पाकिटे घ्यावी लागतात! सगळा संच जमवायला सरासरी सुमारे २२५ पाकिटे लागतात, म्हणजे २,२५० रुपये. उच्च वर्गातल्या मुलांनी ५० ला १, १/२, १/३ असे करत १/५० पर्यंतच्या बेरजेने गुणून पाहावे, उत्तर हेच येईल. अदलाबदल केली तर हा खर्च पुष्कळ कमी होतो. मधल्या सुटीतला घोळका मूर्ख नाही, हे यावरून कळते. तरीही बंद पाकिटाचा हा धंदा मुलाच्या अधीरतेवर चालतो. ज्याच्या वडिलांचा खिसा मोठा त्याची गड्डी मोठी, असे होते. एवढ्यापुरती शाळेची सूचना बरोबर आहे.

मात्र जमवण्याची हौस आणि बंद पाकिटाचा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीची शिक्षा देऊ नये.

अमेरिकेत या छंदाचे मोठे वेड आहे. तिथे अनेक जण सगळ्या जगाची कार्डे जमवत नाहीत. ते ठरवतात, आपल्या एका शहराच्या संघांचीच जमवायची. पिट्सबर्ग नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे शहर घ्या. तिथे बेसबॉलचा पायरेट्स, अमेरिकन फुटबॉलचा स्टीलर्स आणि आइस हॉकीचा पेंग्विन्स असे तीन मोठे व्यावसायिक संघ आहेत. तिघांचेही रंग एकच, काळा आणि सोनेरी. बेसबॉलच्या कार्डांत सर्वांत प्रसिद्ध मानले जाणारे कार्ड याच शहराच्या होनस वॅग्नर या खेळाडूचे आहे. साधारण १९०९ साली सिगारेटच्या पाकिटांतून ते निघाले. फार थोड्या प्रती उरल्या असल्याने २०२२ साली त्यातली एक ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. वर्तमानपत्रे अशीच बातमी छापतात आणि मुलांना वाटते की कार्डे म्हणजे लॉटरी.

मला त्याच शहराच्या दुसऱ्या एका खेळाडूचे कार्ड जास्त मोलाचे वाटते. रॉबर्टो क्लेमेंटे. हा मूळचा पिट्सबर्गचा नव्हे. तो प्वेर्तो रिको बेटावरचा, त्याची मातृभाषा स्पॅनिश. पायरेट्सकडून खेळताना त्याने बरोबर ३,००० हिट पूर्ण केल्या. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात मोठा भूकंप झाला. तिथल्या लोकांसाठी मदतीचे सामान घेऊन तो ३१ डिसेंबरला विमानाने निघाला; विमान समुद्रात कोसळले आणि तो गेला. पिट्सबर्गची मुले त्याचे कार्ड जपतात ती निव्वळ आकड्यांसाठी नाही. बाहेरून आलेला, वेगळी भाषा बोलणारा एक माणूस त्या शहराचा झाला आणि शहराने त्याला आपला मानले, ही गोष्ट त्या कार्डासोबत हातात येते.

हे वाचताना आपल्याला काही आठवत नाही का? आपणही बाहेरून आलेलेच आहोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरहून सरकारी फायलींबरोबर मराठी कुटुंबे इकडे आली. माझे वडील त्यांच्यातलेच एक. काही ग्वाल्हेर-इंदूरहून आली, काही 'भेल'च्या नोकरीसाठी आली. आज आपली तिसरी-चौथी पिढी इथे वाढते आहे. गणेशोत्सव, गुढीपाडवा, नाटके, शाळा, सगळे आपण नेटाने टिकवले. याचा मला अभिमान आहे. पण खरे सांगू? आपल्या पुष्कळ मुलांना पुण्या-मुंबईतले पेठांचे आणि उपनगरांचे किस्से ठाऊक असतात. तलावापलीकडच्या जुन्या शहरात काय घडले हे ठाऊक नसते. सत्तर वर्षे राहूनही आपण थोडेसे पाहुण्यासारखेच राहिलो आहोत.

आणि जुन्या भोपाळने हॉकीत काय केले, ते पाहा. ओबेदुल्ला खाँ सुवर्णचषक ही स्पर्धा १९३१ साली इथे सुरू झाली. देशातले नामांकित संघ तिच्यासाठी भोपाळला येत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. त्या संघात भोपाळचे अहसान मोहम्मद खान आणि अहमद शेर खान होते. अहमद शेर खान यांचे चिरंजीव अस्लम शेर खान यांनी १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. वडिलांचे सुवर्ण, मुलाचे कांस्य. ही दोन कार्डे शेजारी ठेवून पाहा.

अस्लम यांच्या कार्डाच्या मागे काय लिहाल? १९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाचा उपांत्य सामना. समोर मलेशिया, सामना त्यांच्याच मैदानावर. भारत १-२ असा मागे. सत्तर मिनिटांच्या सामन्यातली पासष्टावी मिनिट आली होती. बदली खेळाडू म्हणून अस्लम यांना आत पाठवले. पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्यांनी गळ्यातल्या ताईताचे चुंबन घेतले आणि चेंडू गोलात मारला. बरोबरी! जादा वेळात हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला. दोन दिवसांनी पाकिस्तानला २-१ हरवून भारत विश्वविजेता झाला. पुरुषांच्या हॉकीत भारताने जिंकलेला तो एकमेव विश्वचषक. भोपाळच्या माणसाने ती एक पेनल्टी हुकवली असती तर तोही मिळाला नसता. त्या संघात शिवाजी पवार हे नावही होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे.

आता एक अवघड कार्ड. लतीफ-उर-रहमान. भोपाळच्या संघातून खेळलेला हा खेळाडू १९४८ साली लंडनमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी होता. पुढे तो पाकिस्तानात गेला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत आणि पाकिस्तान अंतिम सामन्यात समोरासमोर आले; भारत १-० असा जिंकला, आणि हरलेल्या संघात लतीफ होता. त्याचा १९४८ चा भारतीय सहकारी अख्तर हुसेन याचेही तसेच झाले. एका माणसाच्या गळ्यात एका देशाचे सुवर्ण, दुसऱ्या देशाचे रौप्य. या कार्डावर झेंडा कोणता काढायचा? एखाद्या सातवीच्या वर्गाने यावर तासभर वाद घालावा असे मला फार वाटते. फाळणी म्हणजे काय, हे त्या तासात जितके कळेल तितके पुस्तकातल्या धड्याने कळणार नाही.

आणखीही आहेत. १९६८ साली मेक्सिकोत कांस्यपदक मिळवणारे इनाम-उर-रहमान. भोपाळमध्ये जन्मलेले आणि एका डोळ्याची दृष्टी अधू झालेली असताना १९६२ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, भारताच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झालेले मन्सूर अली खान पतौडी. इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद. त्याला ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी आपल्या अकोल्याच्या एका स्पर्धेत हेरले आणि भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत आणले. विवेक टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकची कांस्यपदके घेऊन आला आहे. २०२२ साली मध्य प्रदेशाने बलाढ्य मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हाचा कर्णधार आदित्य श्रीवास्तव हा भोपाळचाच, आणि प्रशिक्षक होते मुंबईकर चंद्रकांत पंडित.

'पण बाई, व्यावसायिक संघ कुठे आहेत आपल्याकडे?' असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. होता, बाळा. २०१२ साली वर्ल्ड सीरिज हॉकी नावाची स्पर्धा झाली. आठ शहरांचे-प्रांतांचे आठ संघ. त्यात आपला 'भोपाळ बादशाह', कर्णधार समीर दाद, घरचे मैदान ऐशबाग. २९ फेब्रुवारीला स्पर्धेचा पहिला सामना चंडीगड आणि भोपाळ यांच्यातच झाला. शेवटी शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सला हरवून चषक जिंकला. ती स्पर्धा त्या एका मोसमानंतर पुन्हा झाली नाही. बादशाहांचे एकही छापील कार्ड माझ्या पाहण्यात आलेले नाही. अवघी काही वर्षे झाली, पण आज आठवीतल्या मुलांना तो संघ होता हेही ठाऊक नाही. २०२४ पासून राज्याच्या क्रिकेट लीगमध्ये 'भोपाळ लेपर्ड्स' हा संघ आहे. त्याच्या खेळाडूंची नोंद आजच केली नाही, तर तीही अशीच पुसली जाईल. बाजार ज्यांची कार्डे छापत नाही, ते विसरले जातात. आपल्या शहराची कार्डे आपण बनवायची, ती यासाठी.

आणखी एक कारण सांगते. बाहेरगावी कुठेही सांगा, 'आम्ही भोपाळचे', की समोरच्याला पहिली आठवते ती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. ती विसरता कामा नये, आपल्यातली कितीतरी घरे त्यातून गेली आहेत. पण आपल्या मुलांकडे आपल्या शहराबद्दल सांगायला त्या एका रात्रीपलीकडेही काही असले पाहिजे.

आता योजना. फार पैसे लागत नाहीत. कार्डाचे जगभर चालणारे माप साधारण अडीच इंच बाय साडेतीन इंच आहे. ए-४ आकाराच्या एका कार्डशीटमधून अशी नऊ कार्डे निघतात. पुढे चित्र, तेही हाताने काढलेले. मागे मराठीत पाच ओळी: नाव, जन्मगाव, खेळ, एक महत्त्वाचा सामना, आणि शेवटच्या ओळीत 'ही माहिती कुठून मिळाली'. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. वाचनालयातले पुस्तक, जुने वर्तमानपत्र, आजोबांनी सांगितले, खेळाडूला स्वतः विचारले, जे असेल ते प्रामाणिकपणे लिहावे. दोन मुलांची माहिती जुळली नाही, तर दोघांनी मिळून खरे काय ते शोधावे. 'आपल्या शहराचा खेळाडू' कुणाला म्हणायचे, हेही मुलांनीच ठरवावे. इथे जन्मला पण इथे खेळला नाही तो? इथे शिकला पण गाव दुसरे आहे तो? पतौडी घ्यायचे की विवेक सागर, की दोघेही?

नियम तीनच असावेत. कार्ड विकायचे नाही. एकाच कार्डाच्या दोन प्रती करायच्या, एक स्वतःकडे आणि एक अदलाबदलीसाठी. आणि आठवड्यातून एकदा, शनिवारच्या शेवटच्या तासाला, अदलाबदल उघडपणे करायची. चोरून मागच्या बाकावर नको.

काही विश्वस्त म्हणतील, मराठी शाळेने हॉकीच्या मागे का लागावे? माझे उत्तर असे की, पाच ओळींत एक सामना नेमका सांगणे हे चार पानी निबंधापेक्षा अवघड मराठी आहे. मुलाला जे सांगावेसे वाटते तेच त्याला चांगले लिहिता येते. काही पालक म्हणतील, यात गुण किती? एकही नाही, आणि नसावेच. गुण दिले की त्याचा अभ्यास होतो आणि आईवडील रात्री जागून कार्डे रंगवू लागतात. आपण सगळे प्रकल्पांच्या बाबतीत हे पाहिले आहे. आणि काही म्हणतील, जुन्या शहरात मुलांना कशाला पाठवायचे? तिथे त्यांच्याबरोबर आपणच जावे, असे मी म्हणते. तात्या टोपे यांच्या नावाच्या स्टेडियमपर्यंत आपण नेहमी जातो, ऐशबाग तिथून काही परमुलखात नाही. मैदानाच्या आसपास आजही असे वृद्ध भेटतील की ज्यांना जुने सामने तोंडपाठ आहेत. ते आणखी किती वर्षे सांगायला असतील?

जेफरसन बर्डिक नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता. सांध्यांच्या आजाराने हात वाकडे झालेला, साधी नोकरी करणारा. त्याने तीन लाखांहून अधिक छापील कार्डे आणि चिठ्ठ्या जमवल्या, त्यांची सूची केली आणि सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. चिकटवह्यांत तो लावण्याचे काम त्याने १९६३ साली पुरे केले आणि त्याच वर्षी तो वारला. वॅग्नरच्या कार्डाला जाणकार आजही ज्या क्रमांकाने ओळखतात, तो क्रमांक त्याच्या सूचीतला आहे. ज्यांच्याकडे सगळे जण कागदाचे तुकडे म्हणून पाहत होते, त्यांची त्याने नोंद ठेवली. एवढे एक माणूस करू शकतो, तर एक शाळा किती करू शकेल?

२९ ऑगस्ट हा ध्यानचंद यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात या कार्डांचे छोटेसे प्रदर्शन भरवावे आणि शहरातल्या एखाद्या जुन्या खेळाडूला पाहुणे म्हणून बोलवावे, अशी माझी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. कार्डशीटचा पहिल्या वर्षीचा खर्च मी आनंदाने देईन. ती त्या मुलाची भरपाई समजा.

त्या दिवशी निघताना मी त्याला विचारले, "ती सहा कार्डं पुन्हा काढशील?" तो म्हणाला, "बाई, आता हात तसा चालत नाही. पण माझी मुलगी काढेल." तिला तुमच्या वर्गात कधी मान खाली घालून काहीतरी करताना पाहिलेत, तर कृपा करून आधी बघा तिच्या हातात काय आहे ते.

– एक माजी शिक्षिका